सल्लागार कुणाच्या ताटात जेवतो?

निवृत्तीचा पैसा हातात आल्यावर कुणाला विचारावं, अशी पत्रं निपाणी, चिकोडी, बेळगाव शहर, खानापूर अशा सगळ्या बाजूंनी आली आहेत. त्यांतली आठ इथे घेतली. नावं गाळली आहेत, पत्रं थोडी आटोपती केली आहेत, आकडे तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : सरकारी मराठी शाळेतून साठाव्या वर्षी निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा आगाऊ एकरकमी घेतलेला भाग), जीपीएफ, केजीआयडी (राज्य सरकारी विमा) असे मिळून ४१ लाख बचत खात्यात पडून आहेत. बँकेतले रिलेशनशिप मॅनेजर दिवसाआड फोन करतात. दिराचा मुलगा विम्याचा एजंट आहे. कोल्हापूरचे एक 'वेल्थ मॅनेजर' घरी येऊन दोन तास बोलून गेले. तिघंही म्हणतात, आमची फी काही नाही. कुणाचं ऐकू?
— निवृत्त शिक्षिका, निपाणी

उत्तर : बाई, तिघंही 'फी नाही' म्हणतात, तिथेच थांबा. कोल्हापूरहून येऊन दोन तास बसणाऱ्याच्या पेट्रोलचे पैसे कुणीतरी देतंच. तुम्ही देत नसाल तर ज्या कंपनीचा माल तो विकतो ती देते, आणि ती तुमच्याच रकमेतून देते. यात लबाडी असतेच असं नाही. पण मग समोर बसलेला माणूस सल्लागार नव्हे, विक्रेता आहे, हे धरून बोलायचं.

पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा परवाना सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या) २०१३च्या नियमांखाली मिळतो. अशा नोंदणीकृत सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो. तो फी तुमच्याकडून घेतो आणि तुम्हाला सुचवलेल्या योजनेवर कमिशन घेऊ शकत नाही. म्युच्युअल फंड विकणाऱ्याकडे ॲम्फीचा (फंड कंपन्यांच्या संघटनेचा) 'एआरएन' क्रमांक असतो. त्याला फंड कंपनी कमिशन देते, तेही एकदाच नव्हे, तुमचे पैसे त्या फंडात असेपर्यंत. बँकेतले साहेब बँकेच्या एआरएनवर फंड विकतात आणि बँक ज्या विमा कंपनीची एजंट असेल तिच्या पॉलिसी विकतात. बँकेची पाटी आहे म्हणून त्या टेबलावरची प्रत्येक वस्तू बँकेची ठेव नसते. आणि 'वेल्थ मॅनेजर' हे कुठल्याच परवान्याचं नाव नाही. नुसतं वितरण करणाऱ्यांनी 'वेल्थ ॲडव्हायझर' म्हणवून घ्यायला सेबीने २०२० साली मनाई केली. कार्डावर 'मॅनेजर' छापायला मात्र कुणाची आडकाठी नाही.

तपासायला दहा मिनिटं लागतात. आयएनए क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावरच्या मध्यस्थांच्या यादीत टाका, एआरएन ॲम्फीच्या यादीत. नाव, पत्ता, मुदत जुळते का पाहा. एआरएन तीन वर्षांनी नवा करावा लागतो. मुदत संपलेली कार्डं सर्रास फिरत असतात. क्रमांक मागितल्यावर 'मी अमक्या मोठ्या कंपनीशी संलग्न आहे' असं उत्तर आलं, तर चहा द्या आणि निरोप द्या.

पण त्याआधी एक गोष्ट, जी तिघांपैकी एकानेही तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुम्ही एकट्या ३० लाख ठेवू शकता. पोस्टात किंवा ठरावीक बँकांत खातं निघतं. हे लिहिताना व्याज ८.२ टक्के आहे. हा व्याजदर प्रत्येक तिमाहीला जाहीर होतो, पण खातं उघडताना असलेला दर तुमच्या पाच वर्षांना कायम राहतो. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या पहिल्या तारखेला बचत खात्यात येतात. पहिल्या वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज वसूल होतं, दुसऱ्या वर्षी मुद्दलातून दीड टक्का कापतात, त्यानंतर एक टक्का. या योजनेवरचं एजंटांचं कमिशन २०११ साली बंद झालं. ती तुमच्या कानावर का आली नाही, याचं उत्तर बहुतेक इथेच आहे.

(साठीच्या आत, पंचावन्ननंतर निवृत्त झालेल्यांनाही हे खातं काढता येतं, मात्र निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत. तुम्हाला ती घाई नाही.)

३० लाख तिकडे गेले की उरतात ११. त्यातले चार दवाखान्यासाठी, हाताशी लागतील असे साध्या मुदत ठेवीत. म्हणजे खरा सल्ला लागतो तो सात लाखांपुरता. एवढ्यासाठी दरवर्षी टक्केवारी देत बसू नका. आयएनए सल्लागाराला फी दोन पद्धतींनी घेता येते : ठरावीक रक्कम, कुटुंबामागे वर्षाला जास्तीत जास्त १ लाख ५१ हजार, किंवा सल्ल्याखालच्या रकमेच्या जास्तीत जास्त अडीच टक्के. ही कमाल मर्यादा आहे, भाव नव्हे. तुमच्यासारख्यांनी एकदाच आराखडा करून घेऊन ठरावीक फी द्यावी, असं आमचं मत. फी चेकने किंवा ऑनलाइन. सल्लागाराला रोख घेता येत नाही. आधी लेखी करार, मग तुमची जोखीम पेलण्याची ताकद तपासणारी प्रश्नावली, मग सल्ला, हा क्रम आहे. प्रश्नावली तुमच्याऐवजी तोच भरू लागला तर उठा.

पुतण्याला दुखवायचं नसेल तर त्याला एकच विचारा : 'बाळा, यातून मी तिसऱ्या वर्षी बाहेर पडले तर हातात किती येतील? कागदावर लिहून दे.'

आणि फंडाच्या छापील अर्जावर एक चौकोन नीट पाहा. एआरएनच्या शेजारी 'ईयूआयएन' म्हणून रकाना असतो. तिथे तुमच्याशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या माणसाचा 'ई'ने सुरू होणारा क्रमांक यायला हवा. तो कोरा ठेवून खालच्या ओळीवर सही घेतात. त्या ओळीचा अर्थ असा, की हा व्यवहार मी कुणाचाही सल्ला न घेता केला आहे. उद्या 'यांनीच सांगितलं होतं' म्हणायची सोय त्या एका सहीने जाते.

प्रश्न : लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त. ओळखीच्या मुलाचं शेअर ब्रोकरचं ऑफिस आहे. त्याच्याकडे ९ लाख दिले : ५ लाख ब्रोकर कंपनीत, ४ लाख त्याच्या स्वतःच्या खात्यावर. महिन्याला ३ टक्के ठरले होते. चार महिने २७ हजार आले, आता 'मार्केट डाऊन आहे काका' म्हणतो. लॉगिन, पासवर्ड त्याच्याकडे आहे. मी ॲप कधी उघडलेलं नाही.
— हिंडलगा

उत्तर : सुभेदारसाहेब, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, एकत्र करू नका.

५ लाख व्यवस्थेच्या आत आहेत, तेव्हा तिथून सुरू करा, आणि आजच. त्या मुलाला न विचारता ब्रोकर कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा आणि विचारा : माझ्या खात्याला कुठला मोबाईल आणि कुठला ई-मेल जोडला आहे? अशा प्रकरणांत बहुतेक वेळा नंबर तुमचा नसतोच. अर्ज भरताना तो स्वतःचा किंवा ऑफिसातल्या पोराचा नंबर घालतो, म्हणजे शेअर बाजाराकडून रोज संध्याकाळी येणारे व्यवहारांचे एसएमएस तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. नंबर बदलून घ्या, मग पासवर्ड बदला. त्यानंतर चार कागद मागा : पहिल्या दिवसापासूनचं लेजर (जमाखर्चाची खातेवही), सगळ्या काँट्रॅक्ट नोटा (खरेदी-विक्रीच्या पावत्या), डीमॅटचा (शेअर ठेवलेल्या खात्याचा) उतारा आणि खातं उघडतानाच्या अर्जाची प्रत. डीमॅटचा उतारा ब्रोकरकडूनच घ्यायला हवा असं नाही; डीमॅट खाती सांभाळणाऱ्या सीडीएसएलच्या 'ईझी' किंवा एनएसडीएलच्या 'आयडियाज' सेवेत नाव नोंदवलं की थेट दिसतो. दाखवायला तोच खरा. ऑफिसने छापून दिलेल्या एक्सेल तक्त्याला काडीची किंमत नाही.

लेजरमध्ये ब्रोकरेजच्या ओळींची बेरीज करा. हिशेब असा : डिलिव्हरीवर (शेअर खात्यात घेऊन केलेल्या व्यवहारावर) अर्धा टक्का ब्रोकरेज असेल तर घेताना आणि विकताना मिळून एक टक्का, त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय दोन्ही वेळा ०.१ टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर). एका फेरीला १.३८ टक्के गेले. ५ लाखांची वर्षातून सहा वेळा उलटापालट केली तर ४१ हजारांहून जास्त नुसते खर्चात जातात, शेअर वर गेला काय नि खाली गेला काय. ब्रोकरच्या फ्रँचायझीला, म्हणजे त्या मुलासारख्याला, या ब्रोकरेजमधला हिस्सा मिळतो, म्हणून उलटापालट होते. काँट्रॅक्ट नोटेवर फ्युचर्स-ऑप्शन्सचे (वायद्याचे) व्यवहार दिसले तर तो विभागच बंद करायला लेखी कळवा. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या विभागातल्या शंभरपैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तीन वर्षांत तोटाच झाल्याचं दिसलं. पेन्शनरचं तिथे काम नाही.

त्या मुलाचा दर्जा 'अधिकृत व्यक्ती' एवढाच असणार. त्याला ग्राहकाचा पैसा स्वतःच्या खात्यात घेता येत नाही, ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही, तुमच्या वतीने निर्णय घेऊन खातं चालवता येत नाही. दुसऱ्याचे पैसे स्वतःच्या मर्जीने चालवण्याचा परवाना पोर्टफोलिओ मॅनेजरचा, त्याचा क्रमांक 'आयएनपी'ने सुरू होतो, आणि तिथे किमान रक्कमच ५० लाख आहे.

तक्रार आधी ब्रोकर कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, मग सेबीच्या 'स्कोर्स' पोर्टलवर. तिथे २१ दिवसांत कारवाईचा अहवाल द्यावा लागतो. समाधान झालं नाही तर 'स्मार्ट ओडीआर' या ऑनलाइन तंटा-निवारण पोर्टलवर समेट आणि लवाद. सेबीचा मोफत क्रमांक १८०० २२ ७५७५. एक कडू गोष्ट आताच सांगतो : पासवर्ड तुम्ही स्वतःहून दिलात आणि चार महिने पैसे घेतलेत, हे समोरची बाजू पहिल्याच दिवशी मांडेल. म्हणून त्याचे 'तीन टक्के' म्हणणारे व्हॉट्सॲप संदेश पुसले जाण्याआधी वेगळे काढून ठेवा.

आता ४ लाख. ते शेअर बाजाराच्या कुठल्याच यंत्रणेला दिसत नाहीत, त्यामुळे सेबी किंवा एक्स्चेंज तिथे हात घालणार नाही. तो दोन माणसांमधला व्यवहार. बँकेचा उतारा घेऊन वकील आणि पोलीस ठाणं. आलेले १ लाख ८ हजार नफा समजू नका. बहुधा ते तुमचेच तुम्हाला परत मिळाले आहेत.

नवं खातं काढणाऱ्या इतरांसाठी : पूर्वी ब्रोकर सरसकट कुलमुखत्यारपत्र घेत. २०१९ साली कार्वी स्टॉक ब्रोकिंगवर सेबीने बंदी घातली ती ग्राहकांचे शेअर याच अधिकाराच्या आडून गहाण टाकल्यावरून. २०२२पासून त्याजागी 'डीडीपीआय' नावाचा मर्यादित कागद आला. तोही सक्तीचा नाही. सही केली नाही तर दर विक्रीला टीपिन (डीमॅटचा गुप्त क्रमांक) आणि ओटीपी टाकावा लागतो, इतकंच. वर्षातून दोनदा शेअर विकणाऱ्याने तो त्रास सोसावा.

प्रश्न : गावातल्या सौहार्द सोसायटीत ज्येष्ठांना साडेदहा टक्के देतात. चेअरमन आमच्याच गावचे, पिग्मी एजंट वीस वर्षं घरी येतो. बसच्या नोकरीचे १५ लाख तिथेच ठेवावे म्हणतो. सल्लागाराची गरजच काय?
— निवृत्त चालक, खानापूर तालुका

उत्तर : पिग्मी एजंट हाच आपल्याकडे निम्म्या घरांचा आर्थिक सल्लागार, हे खरं आहे. माणूस भला असेलही. पण त्याला मिळतं ते गोळा केलेल्या रकमेवर, सोसायटीने कर्ज कुणाला दिलं हे त्याला माहीत असायचं कारण नाही.

ठेवीच्या पावतीवर बारीक अक्षरात कायद्याचं नाव असतं, ते वाचा. १९९७चा कर्नाटक सौहार्द सहकारी कायदा, १९५९चा कर्नाटक सहकारी संस्था कायदा किंवा २००२चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा, यांपैकी एक असेल. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली सहकारी बँक असेल तर ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून. सोसायटीला, पतसंस्थेला ते नाही. पाटीवर 'मल्टिस्टेट' लिहिलं म्हणजे ती बँक होत नाही. बहुराज्य संस्थेची नोंदणी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे असते. संस्था अडचणीत आली की बेळगावच्या सहकार खात्यात खेपा घालून भागत नाही, हे ठेवीदारांना उशिरा कळतं. २०२३च्या दुरुस्तीने बहुराज्य संस्थांसाठी सहकार लोकपालाची तरतूद झाली, तिकडे तक्रार करता येते.

साडेदहा आणि पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेतले ८.२ यांच्यात फरक २.३ टक्क्यांचा. १५ लाखांवर वर्षाला ३४,५०० रुपये. एवढ्यासाठी विम्याचं कवच नसलेल्या ठिकाणी पंधरा लाख ठेवायचे का, एवढाच प्रश्न आहे.

ठेवायचेच असतील तर ताळेबंद मागा. त्यात थकीत कर्जाचा आकडा, लेखापरीक्षणाचा वर्ग आणि ठेवींच्या मानाने दिलेलं कर्ज पाहा. संचालक आणि त्यांच्या सोयऱ्यांच्या नावावर किती कर्ज आहे, ते वार्षिक सभेत उभं राहून विचारा. तुम्हाला 'नाममात्र सभासद' करून ठेवलं असेल तर मतच नाही. आमचा सल्ला : पिग्मी चालू ठेवा, दुकानाचं, घरखर्चाचं तिथे ठेवा. या भागात बँका दारात उभं करत नव्हत्या तेव्हा अशा संस्थांनीच लोकांना उभं केलं. म्हणून निवृत्तीची सगळी पुंजी तिथे असावी असं मात्र नाही.

प्रश्न : उद्यमबागेत फौंड्रीत तीस वर्षं काम केलं. पीएफचे १२ लाख एका वितरकामार्फत म्युच्युअल फंडात आहेत. मुलगा म्हणतो, 'बाबा, रेग्युलर प्लॅन आहे, लुटताहेत, डायरेक्टमध्ये टाका.' खरं का?
— अनगोळ

उत्तर : अर्धं खरं. १ जानेवारी २०१३पासून प्रत्येक फंडाचे दोन प्लॅन असतात. पैसा तोच, व्यवस्थापक तोच, शेअर तेच. रेग्युलरच्या वार्षिक खर्चात वितरकाचं कमिशन असतं, डायरेक्टमध्ये नसतं. शेअरच्या फंडात हा फरक साधारण अर्धा ते एक टक्का पडतो. १२ लाखांवर ०.८ टक्के धरले तर वर्षाला ९,६०० रुपये. दहा वर्षं रेग्युलरला ९ टक्के आणि डायरेक्टला ९.८ टक्के मिळाले असं धरलं, तर शेवटी सुमारे २ लाख १५ हजारांचा फरक पडतो.

अंदाज कशाला, खरा आकडाच पाहा. सप्टेंबर आणि मार्चअखेरच्या सहामाही एकत्रित उताऱ्यात वितरकाला तुमच्यापोटी किती कमिशन गेलं ते रुपयांत छापलेलं असतं. योजनेच्या नावापुढे 'डायरेक्ट' नसेल आणि एआरएन क्रमांक असेल तर ती रेग्युलर.

आता त्या रकमेसमोर वितरकाचं काम मांडा. वर्षातून एकदा बसून हिशेब दाखवतो का? बाजार वीस टक्के खाली आला तेव्हा फोन केला का, आणि 'काढू नका' म्हणाला का? वारसाची नोंद, बँक बदल, पत्ता बदल करून देतो का? असं असेल तर महिन्याचे आठशे रुपये जास्त नाहीत, चिरंजीव काही म्हणोत. बाजार पडला की स्वतःच्या हाताने घाबरून विकणारा डायरेक्टवाला कमिशनच्या कैक पट घालवतो. आणि वितरक फक्त नवी योजना आली की उगवत असेल, दर दीड वर्षाला 'हे काढून त्यात टाकू' म्हणत असेल, तर सोडा.

सोडताना सगळं एका दिवशी हलवू नका. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं म्हणजे कागदोपत्री विकून परत घेणं. बहुतेक शेअर फंडांत वर्षाच्या आत काढलं तर १ टक्का एक्झिट लोड (बाहेर पडण्याचं शुल्क) लागतो. वर्षावरच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे १२.५ टक्के कर. वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के. म्हणून नवी रक्कम आणि एसआयपी आधी डायरेक्टमध्ये वळवा, जुनी रक्कम दोन-तीन आर्थिक वर्षांत, दर वर्षीचा नफा सव्वा लाखाच्या मर्यादेत राहील अशी हलवा.

प्रश्न : माझ्या आधारवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर आहे, पॅनवर पूर्ण नाव, बँकेत तिसरंच. फंडाचा अर्ज दोनदा परत आला. शिवाय सगळे कागद इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये. पुण्याचा सल्लागार घेतला तर चालेल का, की कर्नाटकातलाच लागतो?
— कडोली

उत्तर : सल्लागार कुठलाही चालतो. सेबीची नोंदणी देशभर लागू असते, राज्याचा संबंध नाही.

नावाचं दुखणं या भागात घरोघरी आहे. इकडच्या कागदांवर आद्याक्षरं, महाराष्ट्रातल्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आणि कल्लाप्पा, यल्लाप्पा लिहिताना कुठे एक 'पी', कुठे दोन. संगणकाला ती दोन माणसं वाटतात. क्रम असा ठेवा : आधी आधार दुरुस्त करा, मग पॅन आधारप्रमाणे, मग बँक, शेवटी केवायसी. उलट्या बाजूने सुरुवात केली की प्रत्येक ठिकाणी पुन्हा जावं लागतं. केवायसीची स्थिती केवायसी नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर पॅन टाकून दिसते. 'व्हॅलिडेटेड' असेल तर कुठेही गुंतवा. 'रजिस्टर्ड' असेल तर जुन्या फंडात व्यवहार होतात, नव्या फंड कंपनीत पुन्हा कागद द्यावे लागतात. 'ऑन होल्ड' म्हणजे सगळं थांबलं; बहुतेकदा मोबाईल किंवा ई-मेलची खात्री झालेली नसते.

भाषेबद्दल : डीमॅट-ट्रेडिंग खात्याचे हक्क-जबाबदाऱ्या आणि जोखमीचे कागद ब्रोकरकडे मराठीत मागता येतात, एक्स्चेंजच्या संकेतस्थळांवरही ठेवलेले आहेत. सल्लागाराशी करार मात्र इंग्रजीत असेल, तेव्हा फी, मुदत आणि करार मोडण्याची अट ही तीन कलमं मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही नको.

प्रश्न : एफडी रिन्यू करायला बँकेत गेलो, घरी पॉलिसी आली. वर्षाला २ लाख, दहा वर्षं.
— चिकोडी

उत्तर : पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवस झाले नसतील तर आजच विमा कंपनीला 'फ्री लूक'खाली रद्द करायला लेखी कळवा. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचं जोखीम शुल्क वजा करून हप्ता परत मिळतो. बँकेतले साहेब 'बघतो, मी करतो' म्हणत दिवस घालवतात, तेव्हा पत्र थेट कंपनीला पाठवा आणि पोच घ्या.

मुदत गेली असेल तर प्रस्ताव अर्जाची प्रत मागा. त्यात तुमचं उत्पन्न फुगवून लिहिलेलं असतं. पेन्शन २२ हजार आणि उत्पन्न ९ लाख असं दिसलं की तोच तुमचा पुरावा. कंपनीकडे तक्रार करा, महिनाभरात दाद लागली नाही तर बंगळूरच्या विमा लोकपालाकडे. बँकेच्या वागणुकीबद्दल वेगळी तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे होते.

प्रश्न : व्हॉट्सॲप ग्रुपवर 'इन्स्टिट्यूशनल' खातं देतो म्हणतात, ॲपमध्ये ६ लाखांचे ११ लाख दिसतात, काढायला मात्र आधी कर भरा म्हणतात.
— बेळगाव शहर

उत्तर : ते ११ लाख नुसतं चित्र आहे. एक रुपयाही आणखी भरू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर लगेच फोन करा. पैसे गेल्यानंतरचे पहिले काही तास मोलाचे असतात. यापुढे ब्रोकरला किंवा फंडाला यूपीआयने पैसे देताना पत्त्यात 'अॅट' या चिन्हानंतर 'व्हॅलिड' आणि हिरव्या त्रिकोणात अंगठा दिसतो का पाहा. सेबीने ऑक्टोबर २०२५पासून नोंदणीकृत संस्थांना असे पत्ते दिले आहेत. 'सेबी चेक'वर ते पडताळता येतात.

प्रश्न : जुना ब्रोकर सोडायचा आहे. शेअर विकावे लागतात का?
— टिळकवाडी

उत्तर : नाही, आणि विकू नका, उगाच कर बसेल. नवं डीमॅट त्याच नावाने, जोडखातं असेल तर नावांच्या त्याच क्रमाने काढा. नव्या ठिकाणाहून 'क्लायंट मास्टर रिपोर्ट' (नव्या खात्याच्या तपशिलाचा कागद) घ्या आणि जुन्याकडे 'बंद करून हस्तांतर' असा अर्ज त्यासोबत द्या. या मार्गाने शेअर हलवायला शुल्क नाही. आधी लेजरमध्ये शिल्लक उरली आहे का, शेअर मार्जिनपोटी गहाण आहेत का पाहा. अर्ज अडतो तो बहुतेक वीस-तीस रुपयांच्या थकबाकीवरून. शेअर ४ लाखांच्या आत असतील तर नवं खातं 'बेसिक' प्रकारातलं मागा, वार्षिक शुल्क लागत नाही. वारस पुन्हा नोंदवा, जुनी नोंद बरोबर येत नाही.

आणि जुनं लॉगिन चालू आहे तोवर सगळ्या काँट्रॅक्ट नोटा आणि खरेदीच्या तारखा-किमतींचा तक्ता उतरवून घ्या. शेअर नव्या खात्यात पोहोचतात, त्यांची खरेदीची किंमत आपोआप पोहोचतेच असं नाही, आणि पाच वर्षांनी विकताना कर सल्लागार पहिल्यांदा तीच विचारतो.